वडिलांनी सांगितले होते
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी मुलगी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते. २०१० च्या जानेवारीत तिच्याकडे जायची आमची तिकिटे आधीच काढून झाली होती. मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि तिथे विमान बदलून डेट्रॉईट. त्या भागात मुले असलेल्या कितीतरी मराठी आईवडिलांच्या ओळखीचा हा रस्ता. २६ डिसेंबरला सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, टीव्ही लावा," एवढेच ती म्हणाली.

टीव्हीवर डेट्रॉईटच्या धावपट्टीवर उभे असलेले एक विमान दिसत होते. २५ डिसेंबर २००९, नाताळचा दिवस. नॉर्थवेस्ट कंपनीचे २५३ क्रमांकाचे विमान ॲमस्टरडॅमहून येत होते. आत जवळपास २९० माणसे. उतरायला थोडा वेळ राहिला असताना एका प्रवाशाने पोट दुखते म्हणून अंगावर ब्लँकेट ओढून घेतले. थोड्या वेळाने फटाका वाजावा तसा आवाज आला आणि त्याची विजार पेटली. एका डच प्रवाशाने उडी घेऊन त्याला धरले, इतरांनी मदत केली, विमानातल्या कर्मचाऱ्यांनी आग विझवली. विमान सुखरूप उतरले. भाजला तो मुख्यतः स्फोट करू पाहणाराच. त्याचे नाव उमर फारूक अब्दुलमुतल्लब, वय २३, नायजेरियाचा.

आता प्रश्न असा की, तो विमानात चढलाच कसा? लेगॉसला त्याची तपासणी झाली, ॲमस्टरडॅमलाही झाली. पण आपण ज्या चौकटीतून जातो ती चौकट धातू शोधते. त्याने अंतर्वस्त्रात शिवून आणली होती पीईटीएन नावाची स्फोटक पूड. तिच्यात धातू नसतो, त्यामुळे चौकट वाजण्याचा प्रश्नच नव्हता. ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर कपड्यांखालचे दाखवणारी काही यंत्रे होती. पण प्रवाशांच्या खासगीपणाच्या वादामुळे अमेरिकेच्या विमानांसाठी ती वापरली जात नव्हती.

ही झाली यंत्राची फट. खरी फट कागदावर होती, आणि ती ऐकून मी सुन्न झालो. स्फोटाच्या महिनाभर आधी, १९ नोव्हेंबरला, या मुलाचे वडील अबुजा येथील अमेरिकी दूतावासात स्वतः गेले होते. वडील नायजेरियातले नामवंत बँकर. "माझा मुलगा घर सोडून येमेनला गेला आहे, अतिरेकी विचारांच्या नादी लागला आहे, मला भीती वाटते," असे त्यांच्या सांगण्याचे सार होते. आपल्याच मुलाविरुद्ध परक्या सरकारच्या दारात जायला बापाला काय वाटले असेल, याचा विचार करून बघा.

दूतावासाने ते वॉशिंग्टनला कळवले. पण मुलाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक झाली. त्यामुळे त्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, हेच आधी कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे त्याचे नाव संशयितांच्या मोठ्या यादीत गेले. त्या यादीत सुमारे साडेपाच लाख नावे होती! ज्यांना विमानात चढूच द्यायचे नाही, अशांची यादी वेगळी, सुमारे चार हजारांची. तिच्यात हे नाव नव्हते. ब्रिटनने त्याच वर्षी मे महिन्यात त्याला व्हिसा नाकारला होता. त्याने घानात रोख पैसे मोजून तिकीट घेतले होते आणि सामान म्हणून हातातल्या पिशवीखेरीज काही दिले नव्हते. आणि कळस म्हणजे, डेट्रॉईटला उतरल्यावर याची चौकशी करायची, असे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ठरवले होते. ते ठरले तेव्हा विमान आकाशात होते.

म्हणजे माहिती नव्हती असे नाही. ती चार कपाटांत होती आणि चारही कपाटांच्या किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे होत्या.

लोकांच्या प्रतिक्रिया कशा येत गेल्या, तेही पाहण्यासारखे आहे. दोन दिवसांनी अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षामंत्री जॅनेट नेपोलिटानो टीव्हीवर म्हणाल्या की व्यवस्थेने काम केले. त्यांचा रोख घटनेनंतरच्या हालचालींवर होता, पण लोक खवळले. दुसऱ्याच दिवशी व्यवस्था चुकली हे त्यांना कबूल करावे लागले. ७ जानेवारीला अध्यक्ष ओबामा यांनी जबाबदारी शेवटी आपलीच आहे असे सांगितले.

दरम्यान घबराट पसरली होती. २७ डिसेंबरला त्याच मार्गावरच्या, त्याच क्रमांकाच्या विमानात एक नायजेरियन प्रवासी बराच वेळ स्वच्छतागृहात बसला म्हणून पुन्हा पळापळ झाली. तो बिचारा खरोखरच आजारी होता. ३ जानेवारीला न्यूअर्कला एक तरुण मैत्रिणीला निरोप द्यायला बाहेर जायच्या वाटेने आत शिरला. एक आख्खे टर्मिनल काही तास बंद पडले आणि हजारो प्रवाशांची पुन्हा तपासणी झाली. त्याच सुमारास स्लोव्हाकियात सुरक्षा कर्मचाऱ्यांनी चाचणी म्हणून एका प्रवाशाच्या नकळत त्याच्या सामानात खरे स्फोटक ठेवले. ते काढायचे राहिले आणि तो माणूस ते घेऊन डब्लिनला आपल्या घरी पोहोचला! पकडला मात्र तोच गेला.

नियमही तातडीने आले. शेवटच्या तासात जागेवरून उठायचे नाही, मांडीवर काही ठेवायचे नाही. थोड्याच दिवसांत हे विमानाच्या कप्तानाच्या मर्जीवर सोडले गेले. आमच्या कप्तानाने ते पाळले. साठी उलटलेल्या माणसाला तो एक तास किती मोठा वाटतो, हे इथे सविस्तर सांगत नाही. आपल्या मनात आले असेल तेच माझ्याही मनात आले. ज्याला काही करायचे आहे तो शेवटून दुसऱ्या तासात करील!

४ जानेवारीपासून १४ देशांच्या नागरिकांची आणि तिथून येणाऱ्यांची कसून झडती सुरू झाली. नायजेरिया, पाकिस्तान, सौदी अरेबिया वगैरे. ती आम्ही रांगेत पाहिली. आमच्या पुढे एक आफ्रिकन बाई होती, कडेवर झोपलेले मूल. तिला बाजूला घेतले. पिशवी रिकामी केली, मुलाचे कपडे एकेक झटकून पाहिले. मूल जागे होऊन रडू लागले. खरे सांगतो, त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार आला तो 'बरे झाले, आपल्याला नाही घेतले' हा. आणि दुसरा, 'घेताहेत ते बरेच आहे.'

परत आल्यावर हे मी कौतुकाने एका जुन्या सहकाऱ्याला सांगितले. ते मूळचे रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. मुलाकडे जाण्यासाठी तेही अमेरिकेच्या वाऱ्या करतात. शांतपणे ऐकून म्हणाले, "साहेब, माझ्या बाबतीत हे दर वेळी होते. तपासा म्हणावे, माझे काही म्हणणे नाही. पण तो बापही माझ्याच धर्माचा होता हो. त्याचे कोणी ऐकले?"

मला उत्तर देता आले नाही. अजूनही देता येत नाही. ज्या समाजाकडून आपल्याला बातमी हवी, त्याच्यातल्या प्रत्येकाला रांगेत संशयित ठरवले, तर उद्या असा बाप दूतावासाची पायरी कशाला चढेल? ती १४ देशांची यादी एप्रिलमध्ये रद्द झाली. पासपोर्टपेक्षा मिळालेल्या माहितीवरून माणूस निवडायचा, असे ठरले.

आपल्याला हे नवे नाही. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे गेली. व्हँकुव्हरला एक बॅग चढली, तिचा मालक चढलाच नाही. टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र ऐन वेळी बंद पडले होते. आणि इशारे आधीच मिळालेले होते. कॅनडाच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला २०१० च्या जूनमध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. वेगवेगळ्या खात्यांनी आपापली माहिती एकमेकांना दिली नाही, हा त्यातला एक मोठा ठपका.

डेट्रॉईटनंतर अमेरिकेत शरीर दाखवणारी यंत्रे शेकड्यांनी बसली. त्यांच्यामुळे ती पूड सापडली असती की नाही, हे स्पष्ट नाही, असे तिथल्याच सरकारी हिशेबतपासनीसांनी सांगितले. २०१५ मध्ये बातमी फुटली की, सरकारच्याच माणसांनी लपवून नेलेल्या खोट्या बाँब-हत्यारांच्या ७० चाचण्यांपैकी ६७ वेळा तपासणी फसली. २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटक नेले म्हणून तिथे सगळ्यांना बूट काढावे लागत. तो नियम २०२५ मध्ये उठला. अब्दुलमुतल्लबला २०१२ मध्ये जन्मठेप झाली.

मग रांगा, झडत्या सगळे फुकट का? तसे नाही. चौकट होती म्हणूनच त्याला धातूचा सोपा बाँब आणता आला नाही. लपवता येईल असे काही बनवावे लागले, आणि ते नीट पेटले नाही. आपल्याकडे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान प्रत्येकाची झडती घेतात, तेव्हा मी आता कुरकुर करत नाही. फक्त एवढे लक्षात ठेवतो की रांग ही शेवटची भिंत आहे. तिच्याआधी कोणीतरी ऐकायला हवे, लिहायला हवे, नाव नीट लिहायला हवे आणि योग्य टेबलापर्यंत पोहोचवायला हवे.

त्या दिवशी विमान वाचवले ते न पेटलेल्या पुडीने, प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी. त्याच्या महिनाभर आधी एका बापाने ते वाचवायचा प्रयत्न केला होता. आणि त्या रांगेतल्या बाईच्या मुलाचे रडणेही मी विसरलेलो नाही.