सोनोग्राफीला जाण्याआधी

आमच्या गटातल्या एका काकूंना डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करून यायला सांगितलं. उजव्या बाजूला बरगडीखाली दुखायचं, तळलेलं खाल्लं की रात्र जागून काढायची. काकूंनी ती चिठ्ठी घरी आणली आणि देवघरातल्या डब्याखाली सारून ठेवली. आम्ही खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, नातवंडं झाली मला. या वयात सोनोग्राफीला गेले तर लोक काय म्हणतील?"

हसू नका. आपल्यापैकी कितीतरी जणींना सोनोग्राफी म्हणजे फक्त गरोदरपणाची तपासणी एवढंच ठाऊक असतं. खरं तर लिव्हर, पित्ताशय, किडनी, प्लीहा, लघवीची पिशवी, गर्भपिशवी हे सगळं तिच्यात बघतात. पुरुषांचीही करतात. यात एक्स-रेसारखे किरण नसतात. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटतं. सुई नाही, भूल नाही.

शेवटी काकू गेल्या. पहाटे उठून चहा आणि दोन खारी खाऊन, एसटीनं तालुक्याला. तिथे विचारलं, "काही खाल्लंय का?" आणि परत पाठवलं. एक दिवसाची मजुरी गेली, वर गाडीभाडं. उपाशी यायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठीवर तेवढी एक ओळ लिहायला किती वेळ लागतो, असं आम्हाला अजून वाटतं.

उपाशी का, ते कळलं की नियम जाचक वाटत नाही. पित्ताशय ही लिव्हरखालची छोटी पिशवी. पोट रिकामं असलं की ती पित्तानं भरून फुगते, आणि भरलेल्या पिशवीतले खडे स्पष्ट दिसतात. आपण खाल्लं, विशेषतः दूध, तेल, तूप, की ती आकसून पित्त सोडते. मग आतलं नीट दिसत नाही. म्हणून दुधाचा चहाही नको. साधारण सहा ते आठ तास पोट रिकामं ठेवायला सांगतात. पोटात वारा असेल तरी चित्र बिघडतं, कारण हवेतून तो आवाज पुढे जात नाही. तपासताना पोटावर गार जेल लावतात तेही याचसाठी, यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून. तेव्हा त्या सकाळी मिश्री, तंबाखू, पानसुपारी बाजूला ठेवा. साध्या पाण्याला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, पण विचारून घ्या.

गर्भपिशवी किंवा लघवीची पिशवी बघायची असेल तर याउलट: तासभर आधी तीन-चार पेले पाणी प्यायचं आणि लघवी रोखून धरायची. भरलेली पिशवी आतडी बाजूला सारते, मागचं दिसू लागतं. म्हणून चिठ्ठी हातात पडली की तिथेच विचारा, "उपाशी यायचं की पाणी पिऊन, की दोन्ही?"

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जपून. औषध घेऊन उपाशी बसलात तर साखर उतरून घेरी येईल. आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा आणि सकाळचा पहिला नंबर मागा.

आत गेल्यावर पोट उघडं करावं लागतं, सैल कपडे किंवा साडी बरी. मधेच श्वास रोखायला सांगतात. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर सोबत बाई असू द्या म्हणायला लाजू नका. कधी कधी योनीमार्गातून तपासणी सुचवतात. ती तुम्हाला विचारूनच व्हायला हवी, आणि लग्न झालेलं नसेल तर तसं आधी सांगा.

गरोदर असाल तर एक फॉर्म भरून घेतात, त्यावर सही लागते. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. १९९४ चा कायदा आहे तसा, आणि त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानं आपला कायदा केला होता. सासूबाई सोबत असल्या तरी हे त्यांना बाहेरच सांगून ठेवा.

रिपोर्ट ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली त्यांनाच दाखवा, आणि जुने रिपोर्ट जपून ठेवा. 'नॉर्मल' आलं म्हणजे दुखणं खोटं, असं घरात कुणी म्हणेल. तसं नाही. जठरातली जखम किंवा आतड्याचे बरेच आजार सोनोग्राफीत दिसत नाहीत. दुखणं राहिलंच तर पुन्हा जा.

काकू दुसऱ्यांदा उपाशी गेल्या. पित्ताशयात खडे निघाले. पुढची तारीख मिळाली आहे, पण डॉक्टरांनी बजावलंय: मधल्या काळात ताप आला, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा दुखणं कमीच होईना, तर तारखेची वाट पाहायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.