पदरमोडीचे पेट्रोल

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या समितीवर मला जावे लागले. अंतर ६४ किलोमीटर. सकाळी दहाला तेथे हजर राहायचे, आणि एस.टी.ची त्यातल्या त्यात सोयीची गाडी पोहोचणार साडेअकराला. साहजिकच समितीतील आम्ही तिघे माझ्या मोटारीने गेलो. परतल्यावर प्रवासखर्चाचे बिल सादर केले, तेव्हा संबंधित लिपिकाने ते अत्यंत सौजन्याने परत केले. "सर, नियमात एस.टी.चं भाडं बसतं. स्वतःच्या गाडीनं गेलात ही तुमची हौस." गृहस्थ सज्जन होते, नियम काही त्यांनी केलेला नव्हता. जाण्यायेण्याचे प्रत्येकी २२२ रुपये मंजूर झाले. सहकाऱ्यांनी आपले भाडे मला देऊ केले, ते मी घेतले नाही. ती मात्र हौस म्हणता येईल.

आता या हौसेचा हिशेब पाहू. पेट्रोल लिटरला शंभर रुपये असे सोयीसाठी धरले आणि गाडी लिटरला सोळा किलोमीटर चालली, तर किलोमीटरला सव्वासहा रुपये नुसते पेट्रोलचे होतात. म्हणजे १२८ किलोमीटरांना ८०० रुपये. परंतु गाडी केवळ पेट्रोलवर चालत नाही. आठ लाखांची मोटार एक लाख साठ हजार किलोमीटर चालून निकालात निघाली, तर प्रत्येक किलोमीटरमागे पाच रुपयांची झीज होते. टायर, विमा, दुरुस्ती यांचे दोन रुपये धरा. एकूण सव्वातेरा रुपये किलोमीटरला, त्या दिवसाचे १६९६ रुपये. गाडी दारात उभी राहिली तरी जुनी होतेच, तेव्हा सगळी झीज त्या प्रवासाच्या माथी मारणे योग्य नाही, असा आक्षेप माझे विद्यार्थीही घेतील आणि तो बराचसा खरा आहे. पण झीज शून्य धरली तरी तिघांचे भाडे मिळून पेट्रोलसुद्धा निघत नाही.

समजा, संस्थेने उदार होऊन गाडीखर्च दिला असता, तर पुढचा प्रश्न प्राप्तिकराचा. ती रक्कम माझे उत्पन्न की माझ्या खिशातून गेलेल्या पैशाची भरपाई? १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने याचे तत्त्वतः बरोबर उत्तर दिले होते. कर्तव्य बजावताना होणाऱ्या प्रवासासाठी मिळालेला भत्ता, जेवढा प्रत्यक्ष खर्च झाला तेवढ्यापुरता करमुक्त. घरून कचेरीत जाणे हे मात्र कर्तव्य नव्हे. ते ज्याचे त्याने पाहायचे. त्यासाठी वाहतूक भत्त्याची वेगळी सवलत होती. ती २०१५ साली दरमहा ८०० वरून १६०० रुपये झाली आणि २०१८ साली, अपंग कर्मचाऱ्यांचा अपवाद वगळता, प्रमाणित वजावटीत विरून गेली. त्या वेळी ४०,००० रुपयांच्या वजावटीचा फार गाजावाजा झाला. प्रवासाचे १९,२०० आणि औषधोपचाराचे १५,००० काढून घेतल्यावर हाती उरलेला वाढीव लाभ ५८०० रुपयांचा होता, हे गाजावाजात बुडाले.

अडचण येते ती एकच गाडी घरच्या आणि कामाच्या अशा दोन्ही वापरात असते तेव्हा. मालक गाडीचा खर्च सोसत असेल तर त्यातील कामाचा वाटा कोणता? नियमाने येथे ठोक आकडा घातला. कर्मचाऱ्याची स्वतःची गाडी १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाची असली तर दरमहा १८०० रुपये, त्याहून मोठी असली तर २४००, चालक असल्यास आणखी ९००, असा तो १९६१ च्या कायद्याखाली होता. आणि स्कूटर-मोटारसायकलला ९००. त्यावर मिळालेली रक्कम करपात्र. ५००० मिळाले तर ३२०० पगारात जमा होत. याहून अधिक खर्च कामासाठी झाला असेल तर तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च यांची साद्यंत नोंद आणि मालकाचा दाखला हवा. नोंदवहीची ही अट मला जाचक वाटत नाही. मार्च महिन्यात पेट्रोलपंपावरच्या बेवारशी पावत्या कशा गोळा होतात, हे ज्याने पाहिले आहे तो तिला विरोध करणार नाही.

खटकतो तो आकडा. तो २००९ साली ठरला. तेव्हा मुंबईत पेट्रोल लिटरला पन्नास रुपयांच्या आत होते. १८०० रुपयांत ३६ लिटरांहून अधिक येत असे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले, आणि मे २०२१ मध्ये मुंबईत त्यांनी शंभरी ओलांडली. त्याच १८०० रुपयांत मग १८ लिटरही येईनात. भाव रोज बदलू शकला, पण वजावट दीड दशक जागची हलली नाही. कराचा दर न वाढवता कर वाढवण्याची ही जुनी आणि निःशब्द रीत आहे.

हा दोष केवळ आपलाच नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या दहा हजार मैलांसाठी मैलामागे ४५ पेन्सचा करमुक्त दर एप्रिल २०११ मध्ये ठरला आणि दहा वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. परंतु तेथे मालकाने त्याहून कमी दिले तर उरलेला फरक कर्मचाऱ्याला स्वतःच्या उत्पन्नातून वजा करता येतो. सहकाऱ्याला बरोबर नेल्याचे मैलाला पाच पेन्स मालकाने दिले तर तेही करमुक्त. अमेरिकेत दर वर्षी नवा दर जाहीर होतो. २०२२ मध्ये तेल भडकले तेव्हा वर्ष संपण्याची वाट न पाहता १ जुलैपासून तो साडेअठ्ठावन्न सेंटवरून साडेबासष्ट सेंट करण्यात आला. तेथील नोकरदाराची गोष्ट मात्र वेगळी. मालकाने न दिलेला खर्च वजा करण्याची त्याची सवलत २०१८ पासून स्थगित झाली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची गेली.

आपल्याकडच्या पगारदाराला अशी सवलत गेली कित्येक दशके नाही. १९७४ मध्ये प्रमाणित वजावट आली, कमाल ३५०० रुपयांची, आणि नोकरीसाठी होणाऱ्या सगळ्या किरकोळ खर्चाची बोळवण त्या एका आकड्यात झाली. ती पुढे काढली गेली, पुन्हा आली, २०२४ मध्ये नव्या करपद्धतीत ७५,००० झाली, तत्त्व तेच. माझ्या शेजारचे डॉक्टर याच रस्त्याने, अशाच मोटारीने रुग्ण पाहायला जातात. त्यांचे पेट्रोल, विमा, दुरुस्ती आणि वर्षाला १५ टक्के घसारा, हे सर्व व्यवसायातील वापराच्या प्रमाणात उत्पन्नातून वजा होते. त्यांना ते मिळू नये असे मी म्हणत नाही. पण फिरतीवरचा ग्रामसेवक, कृषी सहायक किंवा आरोग्यसेविका स्वतःची दुचाकी झिजवून गावोगाव जाते, तेव्हा कायम प्रवासभत्त्याच्या पलीकडचा प्रत्येक लिटर तिच्या पगारातून जातो आणि त्या पगारावर कर लागत असेल तर तोही तिने भरायचा. ही विषमता उत्पन्नातील नसून उत्पन्न मोजण्याच्या पद्धतीतील आहे, म्हणून ती चटकन नजरेस येत नाही.

केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी २०१७ मध्ये, जेथे राज्याच्या परिवहन खात्याचा दर ठरलेला नाही तेथे, स्वतःच्या मोटारीला किलोमीटरला २४ आणि स्कूटरला १२ रुपये असा दर मान्य केला. म्हणजे खर्च किती होतो हे शासनाच्या एका हाताला ठाऊक होते. हाच दर प्राप्तिकरासाठी प्रमाण मानावा, तो दर एप्रिलला इंधनाच्या भावाशी जोडून घ्यावा, आणि मालकाने न दिलेला फरक, नोंदवही दाखवणाऱ्याला, वजा करू द्यावा. संसदेने २०२५ मध्ये नवा प्राप्तिकर कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरवला. कलमांची भाषा सोपी करण्याचा त्यात मोठा प्रयत्न आहे. पण किलोमीटरचा हिशेब भाषा सोपी करून सुटणार नाही.

यंदा त्याच महाविद्यालयाच्या पाहणीचे पत्र आले, तेव्हा मी नियमाप्रमाणे एस.टी.ने गेलो. प्राचार्य, दोन सहकारी आणि ग्रंथपाल पावणेबारापर्यंत थांबले होते. तिकीट मी जपून आणले आणि बिलाला जोडले.