झाडाचं निमंत्रण, झाडाचा पहारा

हात धुऊन या रे दोघं. मीरा, येताना टोपलीतली चार सफरचंदं घे. ओम, तू खालच्या कप्प्यातला बिडाचा तवा काढ, जपून, जड आहे. आज आपण तव्यावर परतलेली सफरचंदं करायची. तूप, गूळ, दालचिनी घालून आणि गरम गरम खायची. एरवी वीस मिनिटांचं काम, पण मी बरोबर असलो की पाऊण तास धरायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आजची गोष्ट झाडाच्या स्वभावाची. झाडाला पाय नसतात. मित्राच्या घरी जाता येत नाही आणि शत्रू आला तर पळता येत नाही. मग ते जे काही सांगायचं ते चवीनं आणि वासानं सांगतं. एकाला ‘ये, खा’ म्हणतं, दुसऱ्याला ‘लांब राहा’ म्हणतं. आपल्या तव्यात आज हे दोन्ही निरोप एकत्र शिजणार आहेत.

पहिलं सफरचंद नेहमीसारखं उभं कापू नका. आडवं धरून मधोमध कापा. काय दिसलं? बरोबर, पाच टोकांची चांदणी, आणि तिच्या घराघरांत बिया. आता देठाच्या विरुद्ध बाजूचा खळगा बघा. तिथे काळपट, वाळकी टोकं दिसतात ना? ती फुलाची निदलं. वसंतात इथे पाच पाकळ्यांचं फूल होतं. पाकळ्या गळल्या, निदलं मागे राहिली. गंमत अशी की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं खरं फळ म्हणजे हे मधलं चिवट घर, जे आपण काढून टाकतो. आपण खातो तो गर म्हणजे त्या घराभोवती फुगलेलं फुलाचं बूड. हे सगळं कूळ गुलाबाचं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नासपती, बदाम ही याची भावंडं.

आता ओमचा नेहमीचा प्रश्न येणार, की झाडानं एवढा गर फुगवला कशाला? आपल्यासाठी नाही, बाबा. आपण फार उशिरा आलो. कझाकस्तानात तिआनशान नावाचे डोंगर आहेत. तिथल्या रानात आजही सफरचंदं कुणी न लावता वाढतात. काही गोड, काही तुरट, काही बोराएवढी, काही चांगली मोठी. 1929 साली निकोलाय वाविलोव हे रशियन शास्त्रज्ञ तिथे अल्माटी गावाजवळ पोचले. ती जंगलं पाहून त्यांनी ओळखलं, की जगभरच्या सफरचंदाचं माहेर हेच. पुढे जनुकांच्या तपासणीतूनही तेच निघालं. त्या रानात अस्वलं असतात. अस्वल झाडाखाली येतं, फळं खातं, चालत चालत दुसऱ्या दरीत जातं आणि तिथे त्याच्या विष्ठेतून बिया पडतात, खतासकट. अस्वलाला गोड आणि मोठं फळ आवडतं, म्हणून तशा फळांच्या बिया जास्त पसरत गेल्या असं अभ्यासक मानतात. म्हणजे गर हे झाडाचं निमंत्रण आहे आणि बिया पोचवणं ही त्या जेवणाची किंमत.

पण निमंत्रणालाही हद्द असते. बी चावली तर कडू लागते. तिच्यात अमिग्डालिन नावाचा पदार्थ असतो आणि बी चिरडली की त्यातून सायनाइड तयार होतं. चुकून एखादी गिळली तर काही होत नाही, पण मूठभर बिया चावून खायच्या नाहीत. झाडाचं म्हणणं सरळ आहे, की गर तुझा, बी माझी.

आणि माणसानं काय केलं? त्यानं बी पेरणंच सोडून दिलं. सफरचंदाची बी लावली तर आईसारखं फळ येईल याची खात्री नसते, प्रत्येक रोप वेगळं निघतं. म्हणून हापूसचं करतात तसं याचंही कलम करतात. अमेरिकेत आयोवा राज्यात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत एकोणिसाव्या शतकात एक झाड आपोआप उगवलं. त्यानं ते छाटलं, ते परत फुटलं, शेवटी त्यानं त्याला राहू दिलं. जगातलं प्रत्येक रेड डिलिशियस त्या एका झाडाच्या कलमांच्या कलमांवर आलेलं आहे. फिलाडेल्फियाहून भारतात आलेले सॅम्युअल स्टोक्स शिमल्याजवळ कोटगढला स्थायिक झाले. त्यांनी 1916 च्या सुमारास अमेरिकेतून ही रोपं आणून तिथे लावली. पुढे ते सत्यानंद स्टोक्स झाले आणि हिमाचलचे डोंगर सफरचंदांनी भरले. सफरचंदाला हिवाळ्यात शेकडो तासांची थंडी लागते, ती मिळाल्याशिवाय नेहमीच्या जातींना नीट मोहर येत नाही. म्हणून आपल्याकडे ती ट्रकमधून येतात.

चला, आता बिया काढा आणि अर्ध्या बोटाएवढ्या जाड फोडी करा. साल राहू द्या, फोडी कमी मोडतात. फार भुसभुशीत झालेली फळं नकोत, घट्ट आणि किंचित आंबट असतील तर उत्तम.

बोलता बोलता पहिल्या फोडी तांबूस झाल्या बघा. यालाही कारण आहे. फळाच्या पेशीत फिनॉल नावाचे पदार्थ एका कप्प्यात असतात आणि त्यांचा रंग बदलणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. काडी आणि पेटीची बाजू जवळजवळ असूनही घासल्याशिवाय पेटत नाही, तसंच ते. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघं हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात आणि तपकिरी थर तयार होतो. हा थर जखम झाकतो आणि बुरशीला आत शिरू देत नाही. निमंत्रण देणाऱ्या फळाच्या घरातही पहारा असतो, तो हा. आपण अर्धं लिंबू पिळू. आंबटपणानं विकर मंदावतं आणि लिंबातलं क जीवनसत्त्व तपकिरी होऊ पाहणाऱ्या पदार्थांना परत मागे ढकलतं.

आता मसाल्याचा डबा उघडा. यातल्या वस्तू झाडाचे कुठले अवयव आहेत ते सांगा. दालचिनी? साल. कोवळी फांदी तोडतात, वरची खरबरीत साल खरवडतात, आतली पातळ साल सोलून वाळवतात, ती वाळताना आपोआप गुंडाळली जाते. श्रीलंकेची दालचिनी पातळ, अनेक पदरांची. बाजारात बहुतेक वेळा मिळते ती जाड, एकपदरी आणि जास्त तिखट, ती तिची चुलतबहीण. लवंग म्हणजे उमलायच्या आधी खुडलेली कळी. जायफळ म्हणजे बी. साल, कळी आणि बी, ज्या जागा झाडानं जपायच्या नेमक्या त्याच. सालीतून कीड आत शिरते, कळी गेली तर फळ गेलं, बी गेली तर पुढची पिढी गेली. म्हणून तिथेच झाडानं झोंबणारी तेलं साठवली. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल किड्यांना, बुरशीला आणि जंतूंना जड जातात. दाताच्या डॉक्टरांकडचा तो वास आठवतो का, मीरा? त्यात युजेनॉल असतं.

दालचिनीची चिमूट जिभेवर ठेवा. गरम वाटतं? पूड तर गार आहे. आपल्या तोंडात आणि नाकात त्रासदायक रसायनांची वर्दी देणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. त्यातल्या टीआरपीए-1 नावाच्या ग्राहकाला सिनॅमाल्डिहाइड जागं करतं. मोहरीचा नाकात चढणारा झटका ओळखतो तोही हाच. म्हणजे आपलं शरीर त्या पुडीला बरोबर ओळखतं, ‘सांभाळ’ म्हणून सांगतं, आणि आपण म्हणतो, वा, अजून थोडी घाला!

तवा ठेवा मंद आचेवर. बिडाचा तवा चांगला वापरातला, तेलाचा थर बसलेला हवा. कोरा असेल तर लिंबाच्या आंबटानं लोखंड सुटतं आणि फोडी काळवंडतात. दोन चमचे तूप घाला. तूप कढताना पाणी आणि दुधातला कीट निघून जातो, म्हणून ते लोण्यासारखं लवकर करपत नाही. त्यात दोन लवंगा आणि अर्धा चमचा दालचिनीची पूड. दोनदा चमचा फिरवा आणि लगेच फोडी टाका, पूड जळली तर कडू होईल. मसाल्यांचा वास पाण्यापेक्षा तुपात चांगला उतरतो, आणि तूप फोडीफोडीला लागतं म्हणून तो सगळीकडे पोचतो.

झाकण ठेवा आणि घाई करू नका. सफरचंदाच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. एकदम आच दिली तर पेक्टिन सुटतं आणि लगदा होतो. पण साठ अंशांच्या आसपास फळातलं एक विकर पेक्टिनमध्ये असा बदल करतं, की फळातलं कॅल्शियम त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. मग आच वाढवली तरी फोड मोडत नाही. म्हणून आधी पाच-सहा मिनिटं मंद.

आता झाकण काढून आत बघा. मघाशी पांढऱ्या दिसणाऱ्या फोडी काचेसारख्या झाल्यात ना? कच्च्या सफरचंदात जवळपास चौथा हिस्सा हवा असते, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. त्या बारीक पोकळ्यांवर आपटून उजेड विखुरतो आणि गर पांढरा दिसतो. उष्णतेनं हवा निघून गेली, पोकळ्यांत रस भरला, उजेड आरपार जाऊ लागला.

दोन चमचे किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घाला आणि आच वाढवा. झाकण ठेवायचं नाही. सफरचंदात शंभरातले पंचाऐंशी भाग पाणी, आणि पाणी आहे तोवर तव्यातला रस शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. साखर तांबूस व्हायला त्याहून जास्त उष्णता हवी. फळातल्या साखरेत निम्म्याहून जास्त फ्रुक्टोज असतं आणि ते एकशेदहाच्या पुढे रंग बदलायला लागतं, उसाच्या साखरेपेक्षा बरंच आधी. म्हणून आधी चुरचुर आवाज येईल, मग बुडबुडे मोठे आणि चिकट होतील, मग कडा तांबूस होतील. तेव्हा उलथन्यानं हलक्या हातानं परता. चार-पाच मिनिटांत रस फोडींना लपेटून बसला की गॅस बंद. वरून जायफळ किसायचं, अगदी नखभर. त्याचा वास पटकन उडतो, म्हणून ते शेवटी.

निवेपर्यंत गोष्ट पुरी करू. या पहाऱ्याच्या वस्तूंसाठी माणसानं काय काय केलं! दालचिनीचा मोठा व्यापार होता त्या श्रीलंकेत 1505 साली पोर्तुगीज पोचले, 1656 साली डचांनी त्यांच्याकडून कोलंबो घेतलं. जायफळाच्या बांदा बेटांवर 1621 साली डचांनी तिथल्या लोकांची कत्तल केली. पण त्याच हव्यासातून ही झाडं समुद्र ओलांडून गावोगाव पोचली. आज कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत दालचिनी आणि जायफळ आंतरपीक म्हणून लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं तर दालचिनीची ‘कोकण तेज’ नावाची जातच काढली आहे.

मग सांगा, झाडाचा पहारा फसला की जमला? कीड आणि बुरशी अजून लांबच आहेत. आणि ज्याला झोंबूनही आवडलं, त्या एका प्राण्यानं ते झाड खड्डा खणून, खत-पाणी घालून आपल्या परसात लावलं. काय म्हणालास ओम? आपण म्हणजे दालचिनीची अस्वलं? अगदी बरोबर बोललास. अस्वल नकळत बी टाकून जायचं, आपण मुद्दाम लावतो, एवढाच फरक. चला अस्वलांनो, ताटल्या पुढे करा. ज्याला नुसतं नको असेल त्यानं वाटीतलं घट्ट दही घ्या, ज्याला पोळी हवी त्यानं पोळी. लवंग दाताखाली आली तर माझ्या नावानं ओरडू नका, तिनं तिचं काम केलंय.