वारणेच्या सरोवराकांठीं बारा महिने

हवापालटाचा विषय घरांत निघाला कीं, आपण पंचांगाआधीं शाळेचें वेळापत्रक पाहतों. मुलांच्या परीक्षा संपाव्यात, वैशाख तापूं लागावा आणि सर्वांनीं मिळून महाबळेश्वर किंवा माथेरान गांठावें, हा आपला ठरलेला क्रम. डोंगर उन्हाळ्यापुरता, समुद्र नाताळच्या सुटीपुरता, अशी वांटणीच आपण करून ठेविली आहे. त्यामुळें एकच स्थळ निरनिराळ्या ऋतूंत पाहण्याचा आनंद आपल्या वांट्याला क्वचितच येतो.

आल्प्स पर्वताच्या कुशींत राहणाऱ्या लोकांनीं ही वांटणी केव्हांच मोडून टाकिली. ऑस्ट्रिया देशांत झेल आम झे नांवाचें एक टुमदार गांव सरोवराच्या कांठीं वसलें आहे. शेजारच्या काप्रून गांवावर किट्झस्टाईनहॉर्न हें ३,२०३ मीटर उंचीचें शिखर उभें असून त्याच्या अंगावर हिमनदी पसरलेली आहे. १९६५ सालीं या हिमनदीवर बर्फांतील खेळांची सोय झाली. तेव्हांपासून उन्हाळ्यांतहि सकाळीं बर्फ तुडवून दुपारीं सरोवरांत पोहणारे प्रवासी तेथें दिसूं लागले. हिंवाळा बर्फाचा, वसंत फुलांचा, ग्रीष्म पाण्याचा. कोणताहि महिना रिकामा नाहीं.

आपल्या सह्याद्रीला बर्फाचा मुकुट नाहीं हें खरें. परंतु पर्वत, अरण्य आणि विस्तीर्ण जलाशय यांचा असा मेळ पाहण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जावें लागत नाहीं. पुणें-बंगळूर महामार्गावर पेठ येथें पश्चिमेकडे वळावें. शिराळा, कोकरूड, चरण, आरळा अशीं गांवें मागें टाकीत गेलें कीं वारणेचें खोरें अरुंद होत जातें आणि चांदोलीचें धरण समोर येतें. सुमारें ८० मीटर उंचीच्या या मातीच्या बांधामागें ३४.४० अब्ज घनफूट पाणी सांठूं शकतें. या जलाशयाला वसंतसागर असें नांव आहे. त्याच्या पलीकडे चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान सुरू होतें.

हें रान १९८५ सालीं अभयारण्य झालें आणि २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान. त्याचें क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर असून तें सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलें आहे. २०१० सालीं कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटाचा जागतिक वारशांत समावेश केला, त्यांत कास, कोयना आणि राधानगरी यांच्याबरोबर चांदोलीहि आहे. डिसेंबर २०२३ मध्यें येथील छुप्या कॅमेऱ्यानें पट्टेरी वाघाचें छायाचित्र टिपलें, तेव्हां ही मानचिन्हें केवळ कागदावरचीं नाहींत, याची साक्ष पटली.

आतां कोणी विचारील कीं, हिमनदीची आणि या रानाची तुलना कशासाठीं? कारण दोघींचें काम एकच आहे. आल्प्सची हिमनदी हिंवाळ्यांतलें पाणी गोठवून ठेविते आणि उन्हाळ्यांत थोडें थोडें सोडते. सह्याद्रीवर वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस चार महिन्यांत कोसळतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोंकणच्या कड्यांना अडतात, वर चढतांना थंड होतात आणि माथ्यावर रिते होतात. हें पाणी त्याच दिवशीं वाहून गेलें असतें, तर नदी मार्गशीर्षांतच कोरडी पडली असती. परंतु माथ्यावरील जांभ्या दगडाचे सडे सच्छिद्र असतात. अंजनी, जांभूळ, पिसा अशा सदाहरित वृक्षांखालीं पालापाचोळ्याचा जाड थर असतो. पाणी त्यांत मुरतें आणि झऱ्यांच्या रूपानें सावकाश बाहेर येतें. शिवाय झाडांच्या मुळांनीं माती धरून ठेविल्यामुळें धरणांत गाळहि कमी येतो. धरण पाणी सांठवितें. पण धरणाला पाणी पुरवितें तें रान.

याच कारणामुळें या स्थळाचे बारा महिने निरनिराळे दिसतात. ज्येष्ठाच्या अखेरीस पाऊस लागला कीं उद्यानाचीं दारें बंद होतात, तीं साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडत नाहींत. परंतु प्रवाशानें याची हळहळ करूं नये. याच काळांत गुढे-पाचगणीचें पठार हिरवेंगार होतें, ढग पवनचक्क्यांच्या पात्यांना वेढून जातात आणि भाद्रपदांत कातळावर रानफुलांचे गालिचे उलगडतात. श्रावणांत खुद्द शिराळ्याची नागपंचमी असते. येथें पूर्वीं जिवंत नाग घरोघरीं पूजिले जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि न्यायालयाचे निर्बंध यांमुळें त्या प्रथेला बदलावें लागलें. गांवाची त्या दिवसावरील श्रद्धा मात्र उणावलेली नाहीं. समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक येथेंच आहे. घरांतील वृद्ध मंडळींना डोंगर चढवत नसेल, तर त्यांच्यासाठीं एवढें एक दर्शनहि प्रवासाचें सार्थक करील.

दिवाळीनंतरचा काळ अरण्य पाहण्यास उत्तम. हवा निवळलेली असते, जलाशय भरलेला असतो आणि पहाटे पाण्यावर धुकें तरंगत असतें. गवे, सांबर, शेकरू, धनेश पक्षी यांपैकीं कोण दर्शन देईल, हें त्यांच्या मर्जीवर. मुलांना आधींच समजावून सांगावें कीं आपण पाहुणे आहोंत; यजमान भेटला नाहीं तरी पायांचे ठसे, झाडावरील ओरखडे आणि शेकरूचें घरटें हींहि त्याचींच ओळखपत्रें होत. चैत्र-वैशाखांत पाणी खालीं जातें, रान करपल्यासारखें दिसतें. पण त्याच वेळीं करवंदें आणि जांभळें पिकतात आणि उरलेल्या पाणवठ्यांवर जनावरें येतात. सृष्टीची काटकसर कशी असते, हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें अवश्य उन्हाळ्यांतच जावें.

इतकें सांगून लेख संपविला असता, तर तो अर्धाच राहिला असता. गोठणें, निवळें, झोळंबी, रुंदीव हीं नांवें आज रानांतल्या जागांचीं म्हणून ऐकूं येतात. एके काळीं तीं नांदतीं गांवें होतीं. धरण आणि अभयारण्य यांच्यासाठीं तेथील कुटुंबांना घरें, शेतें आणि देव सोडून खालच्या मुलखांत यावें लागलें. त्यांच्या नाचणीच्या शेतांच्या जागीं गवताचीं कुरणें झालीं आणि त्यांत आज गवे चरतात. प्रवासी ज्या कुरणापाशीं थांबून आनंदानें उद्गार काढतो, तेथें कोणाची तरी चूल होती. पुनर्वसनाच्या हक्कासाठीं या लोकांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें आहे. याच तालुक्यांतील बिळाशी गांवानें १९३० सालीं जंगल सत्याग्रह करून परकीय सरकारचा जंगल कायदा मोडला होता, हें आठवलें म्हणजे रान कोणाचें, हा प्रश्न येथें किती जुना आहे तें उमगतें.

मग रान राखूं नये काय? तसें म्हणतां येणार नाहीं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्यें कृष्णा-वारणेच्या महापुरानें सांगलीच्या परिसरांतील घरांत पाणी शिरलें. असा पूर केवळ रान राखल्यानें टळेल असें नव्हे. अतिवृष्टीपुढें सर्वच उपाय थिटे पडतात. तरीहि माथा उघडा पडला तर पावसाळ्यांत पाण्याचा लोंढा आणि उन्हाळ्यांत कोरडें पात्र, हीं दोन्ही संकटें वाढतील, यांत शंका नाहीं. तिकडे आल्प्समध्येंहि हाच घोर आहे. तापत्या हवेनें हिमनद्या वेगानें आटत असून बर्फाचा उरलेला भाग उन्हाळ्यांत पांढऱ्या कापडानें झांकण्याचे प्रयोग कित्येक ठिकाणीं होतात. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२५ हें वर्ष हिमनद्यांच्या संरक्षणासाठीं जाहीर केलें होतें. वितळलेलें हिम माणसाच्या हातानें परत येत नाहीं. तोडलेलें रान मात्र राखलें तर पिढी-दोन पिढ्यांत पुन्हां उभें राहूं शकतें. या बाबतींत आपण अधिक भाग्यवान आहोंत आणि म्हणूनच अधिक जबाबदारहि.

ही जबाबदारी गृहस्थानें आणि गृहिणीनें कशी पार पाडावी? उपाय साधे आहेत. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घेतल्यावांचून रानांत जाऊं नये. शिदोरी घरची न्यावी, किंवा त्याहून चांगलें म्हणजे खोऱ्यांतल्याच एखाद्या घरीं भाकरी-पिठल्याचें जेवण सांगावें. चार पैसे तेथें राहतात. प्लॅस्टिकची पिशवी, बाटली, वेष्टन जें नेलें तें सर्व परत आणावें. गाणीं लावणारीं यंत्रें घरींच ठेवावींत. गाडींत जागा असेल तर आजी-आजोबांना अवश्य न्यावें. कोणतें झाड कशाच्या उपयोगाचें हें सांगणारीं माणसें घरांत आतां थोडींच उरलीं आहेत. आणि वाटाड्या जर विस्थापित कुटुंबांतला असला, तर मुलांना त्याच्याजवळ बसवून त्याच्या गांवाची हकीकत ऐकवावी. भूगोलाच्या पुस्तकांत ती सांपडणार नाहीं.

एका घरानें एकाच वर्षीं चारहि ऋतूंत तेथें जावें, असें कोणी म्हणणार नाहीं. खर्च आणि रजा यांचा हिशेब सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु यंदा श्रावणांत, पुढील वर्षीं मार्गशीर्षांत, त्याच्या पुढें वैशाखांत, अशी तीन-चार वर्षांची योजना कोणत्याहि कुटुंबाला करतां येईल. एकदां पाहिलेल्या स्थळाची नुसती ओळख होते. तेंच स्थळ भरलेलें आणि आटलेलें, हिरवें आणि करपलेलें पाहिलें म्हणजे त्याच्याशीं नातें जडतें. आणि ज्याच्याशीं नातें जडलें, त्याच्या बऱ्यावाइटाची काळजी माणूस आपोआप वाहूं लागतो.