रक्तदाबावरील औषधांचे प्रारंभिक दुष्परिणाम : स्वरूप व कारणमीमांसा

उच्च रक्तदाब हा बहुधा लक्षणविरहित विकार होय. रुग्णास काहीच जाणवत नसते. गोळी सुरू झाल्यावर मात्र पहिल्या काही आठवड्यांत चक्कर, थकवा, पायांवर सूज अथवा कोरडी ढास सुरू होऊ शकते. साहजिकच रोगापेक्षा औषधच वाईट, असा समज होऊन उपचार परस्पर बंद केले जातात. म्हणून कोणता त्रास आपोआप ओसरणारा, कोणत्यासाठी औषध बदलावे लागते आणि कोणता तातडीचा, हा भेद जाणणे आवश्यक ठरते.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवर निबंध प्रसिद्ध करून पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्यापासून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. त्याने रक्तदाब उतरे. पण नाक चोंदणे, सुस्ती आणि काहींच्या बाबतीत विषण्णता हेही पदरी येई. पुढे ते मागे पडले, त्यात या परिणामांचा वाटा होताच.

चक्कर व थकवा यांचे कारण बरेचदा औषधाच्या गुणातच असते. वर्षानुवर्षे वाढीव दाबाला सरावलेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सामान्य दाबही प्रारंभी अपुरा वाटतो. त्यांना जुळवून घेण्यास काही आठवडे लागतात. यास्तव मात्रा हळूहळू वाढविणे इष्ट. प्राझोसिनच्या पहिल्याच मात्रेनंतर उभे राहताना शुद्ध हरपण्याचा संभव असतो. म्हणूनच ती अल्प प्रमाणात व रात्री झोपताना देतात.

ॲम्लोडिपिनमुळे घोट्यांभोवती येणारी सूज विशेष विचारात घेण्याजोगी आहे. हे औषध लहान रोहिणींना शिथिल करते, नीलांना तेवढे करीत नाही. परिणामी केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो. शरीरात पाणी साठल्यामुळे ही सूज येत नाही. तरीही ती दिसताच लघवीची गोळी जोडण्याची प्रथा आढळते, जी कारणाला धरून नाही. पाच मिलिग्रॅमपेक्षा दहा मिलिग्रॅम मात्रेत सूज अधिक आढळते. मात्रा कमी करणे अथवा नीलाही शिथिल करणारे टेल्मिसार्टनसारखे औषध जोडणे अधिक सयुक्तिक होय. अर्थात, पायांवरील प्रत्येक सूज गोळीचीच असे नाही. हृदय व मूत्रपिंड यांची तपासणी टाळता येत नाही.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल या वर्गातील औषधांची ढास निराळी. ब्राझीलमधील जराराका सर्पाच्या विषावरील संशोधनातून हा वर्ग उदयास आला. ही औषधे ज्या विकराला रोखतात, तोच ब्रॅडिकायनिनचे विघटन करतो. ते साचले की घशाला ढास लागते. ती सरावाने सहसा जात नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या होत राहतात, आणि मूळ गोळीवर संशय कोणी घेत नाही! औषध बदलल्यावर सामान्यतः एक ते चार आठवड्यांत, क्वचित त्याहून उशिरा, खोकला थांबतो. लोसार्टन वर्गात हा त्रास बराच कमी आहे.

याच वर्गामुळे क्वचित ओठ, जीभ वा चेहरा एकाएकी सुजतो. येथे वाट पाहणे धोक्याचे. गोळी तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे लागते आणि त्या वर्गातील औषध पुन्हा कधीही घ्यावयाचे नसते. याउलट ॲटेनोलॉल वा क्लोनिडिन एकाएकी सोडल्यास रक्तदाब उसळू शकतो व हृदयविकार असणाऱ्यास विशेष धोका संभवतो. ती वैद्यकीय सल्ल्यानेच टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात.

वृद्धांच्या बाबतीत क्लोरथॅलिडोनसारख्या मूत्रल औषधांनी पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातील सोडियम घटू शकते. मळमळ, ग्लानी, असंबद्ध बोलणे ही त्याची चिन्हे होत. घरातील मंडळी ती वयावर ढकलतात; वास्तविक औषध नुकतेच सुरू झालेले असल्यास त्याच दिवशी वैद्याला दाखवून सोडियमची तपासणी करून घ्यावयास हवी.