सह्याद्रीच्या पोटात ज्वालामुखी नाही

मे महिना सरत आला की राजमाचीला, भंडारदऱ्याला काजवे पाहायला मित्रमंडळींच्या टोळ्या निघतात. काही जण जाता जाता कळसूबाईही उरकून घेतात. वाटेत कोणीतरी हमखास सांगतो की हे सगळे ज्वालामुखीचे डोंगर. हे विधान अर्धे खरे आहे आणि पुढचे घोटाळे त्या अर्ध्या खरेपणातूनच निघतात.

सह्याद्रीची शिखरे म्हणजे विझलेले ज्वालामुखी.

समज पटण्याजोगा आहे. दख्खनचे पठार लाव्हारसाने बनले हे शाळेत शिकवतात, पुस्तकातल्या चित्रात ज्वालामुखी शंकूच्या आकाराचा असतो आणि १६४६ मीटर उंचीची कळसूबाई लांबून तशीच दिसते. पण दख्खनचा लाव्हा एखाद्या डोंगराच्या तोंडातून उसळला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला, आडवा पसरला आणि थरावर थर चढत गेले. त्याने घडलेला काळा खडक आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. शिखरे फार नंतरची. पावसाने आणि नद्यांनी हे थर कापून काढले. जे कापायचे राहिले ते शिखर. याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीत थर तोंडापासून बाहेरच्या बाजूला उतरते असतात. इथे ते जवळपास आडवे आहेत. अलंग, मदन, कुलंगच्या कड्यांवरचे पट्टे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे ज्वालामुखीच्या विवराचे अर्धे तोंड आहे.

कड्याची आत वळलेली प्रचंड कमान आणि खालून वर उसळणारे ढग पाहिले की हा विचार मनात येणारच. मात्र कड्यातले थरही आडवेच आहेत. विवराच्या काठाशी अपेक्षित असलेली राखेची आणि फुटक्या दगडांची रास तिथे नाही. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू झिजत, ढासळत मागे सरकत आली आहे आणि ही कमान त्याच झिजेतून घडली. गंमत अशी की महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध गोल विवर लोणारचे, आणि तेही ज्वालामुखीचे नव्हे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा उल्केच्या आघाताने पडला. अतितीव्र धक्क्यानेच तयार होणारी काच तिथल्या खडकात सापडली आणि जुना वाद निकालात निघाला.

खाली अजून लाव्हा धगधगतो आहे. नाहीतर गरम पाण्याची कुंडे आणि भूकंप कुठून येतात?

प्रश्न रास्त आहे, उत्तर चुकीचे. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंतची कुंडे जवळजवळ एका उत्तर-दक्षिण पट्ट्यात आहेत. तिथल्या भेगांतून पावसाचे पाणी खोल मुरते, तापते आणि पुन्हा वर येते. एवढ्यासाठी लाव्हा लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा संबंधही शास्त्रज्ञ जलाशयातल्या पाण्याशी आणि जमिनीतल्या जुन्या भेगांशी जोडतात. त्याच परिसरात शास्त्रीय अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. साधारण एक किलोमीटर काळा खडक संपल्यावर खाली लागला तो त्याहून कितीतरी जुना, थंड झालेला ग्रॅनाइटवर्गीय खडक. जागता ज्वालामुखी पाहायचाच असेल तर तो अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे.

काळ्या दगडात लोखंड असते, म्हणून तो वीज ओढतो. कपारीत शिरले की धोका टळतो.

या यादीतला जिवावर बेतू शकणारा समज हाच. खडकात लोखंड आहे, हे खरे. माथ्यावरच्या काही दगडांजवळ होकायंत्राची सुई भरकटते, हेही खरे. पण बहुधा पूर्वी तिथे वीज पडल्यामुळे दगडालाच चुंबकत्व आलेले असते. म्हणजे इथे कार्याला कारण समजले गेले. वीज कुठे पडेल हे बरेचसे उंची आणि एकटेपणा ठरवतो. म्हणून सुळका, बोडका माथा आणि एकटे झाड सारखेच धोक्याचे. उथळ कपारीचा आडोसा पावसापुरता. विजेचा प्रवाह ओल्या कातळावरून वाहत येतो आणि कपारीच्या छतावरून खाली बसलेल्या माणसात उडी घेऊ शकतो. मित्र एकमेकांना बिलगून बसले असतील तर एकाच झटक्यात सगळे सापडतात. वळीव सहसा दुपारनंतर येतो. त्यामुळे माथा सकाळीच करावा, गडगडाट कानावर पडताच खाली उतरायला लागावे आणि उतरताना एकमेकांत अंतर ठेवावे.

गडावरच्या टाक्यांत बारमाही पाणी असते.

काहींत असते. पण ट्रेकर बहुतेक पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात जातात आणि तेव्हा भरलेली दिसलेली टाकी वर्षभर भरलेली असेल असे धरून चालतात. झरा असलेली टाकी टिकतात. नुसते पावसाचे पाणी साठवणारी मेअखेरीस तळ गाठतात किंवा हिरवी पडतात. कोणत्या टाक्याला झरा आहे हे पायथ्याच्या गावात विचारावे, आणि तरीही परतीपर्यंत पुरेल इतके पाणी पाठीवर असू द्यावे.