सोय कोणाची?

१९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण! आमच्या मते उणीव मुलींत नव्हती. हाताला धरून शिकविणाऱ्या माणसांची होती. महिला संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा हे थांबले. पुढे २०१६ च्या कायद्याने संमतीवाचून वंध्यत्व आणणारे उपचार मना केले. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्तीही नको म्हटले. पण आपल्या जोयडा तालुक्यातील रानातल्या वाडीवरून मूल दूर धाडले, तर त्याला भेटायला जाणार कोण? त्यापेक्षा शिकविणारी बाईच वाडीवर यावी, असे आम्हांस वाटते. तिचे बसभाडे आपला ट्रस्टही उचलू शकेल.